लाकडाचा सिरका आणि सोयाबीन

लातूर-धाराशिवपासून वाशीम-यवतमाळपर्यंत पसरलेल्या काळ्या जमिनीत गेल्या काही दशकांत ज्या एका पिकाने मूग, उडीद, खरीप ज्वारी आणि पुष्कळ ठिकाणी कापूस यांची जागा हळूहळू पण निश्चितपणे व्यापली, त्या सोयाबीनचा जमाखर्च मांडावयास कोणी बसला, तर खर्चाच्या बाजूस बियाणे, खत, तणनाशक, कापणी आणि मळणी या परिचित रकमांच्या खाली अलीकडे आणखी एक रक्कम त्याला लिहावी लागते; ती म्हणजे निरनिराळ्या सेंद्रिय द्रवांची. निंबोळी अर्काची ओळख जुनी, दशपर्णी अर्क आणि जीवामृत यांचीही आता नवलाई उरलेली नाही. त्यांच्याच पंक्तीस नव्याने येऊन बसलेला, तपकिरी बाटलीत मिळणारा आणि झाकण उघडताच धुराचा उग्र, आंबूस वास नाकात भरविणारा पाहुणा म्हणजे वुड व्हिनेगर, अर्थात लाकडाचा सिरका. उगवण चांगली होते, पिकाला काळोखी येते, अळी फिरकत नाही, बुरशी धरत नाही, जमीन सुधारते, असे पाच-सहा गुण एका दमात सांगून तो विकला जातो. एकाच द्रवाच्या अंगी इतके गुण असल्याचे ऐकले की शहाण्या माणसाने प्रथम साशंक व्हावे हे योग्यच; परंतु या द्रवाचा इतिहास इतका जुना आणि त्यामागचे रसायन इतके मनोरंजक आहे, की ते समजून घेतल्यावाचून त्याच्याविषयी निकाल देणे अन्यायाचे होईल.

लाकूड उघड्यावर जाळले तर राख उरते. तेच हवा कोंडून तापविले तर कोळसा उरतो, आणि जे कोळशात राहत नाही ते धुराच्या रूपाने निघून जाते. लोणारी कोळसा पाडणाऱ्यांच्या मातीने लिंपलेल्या भट्टीतून हा धूर शतकानुशतके आकाशात विरत आला. त्यात नुसती काजळी नसते. लाकडाची घडण मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांची असते, आणि उष्णता वाढत जाते तशी ती एकामागून एक फुटू लागतात. हेमिसेल्युलोज सर्वांआधी, साधारणतः २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, विघटित होते आणि त्याच्या साखळीला जोडलेले ॲसिटिल गट सुटून ॲसेटिक आम्ल तयार होते. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. मागोमाग सेल्युलोज फुटते. लिग्निन मात्र सावकाश, पुष्कळ रुंद तापमानाच्या पट्ट्यात विघटित होते, आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फिनॉल वर्गातील, धुराला त्याचा खास वास देणारी द्रव्ये बाहेर पडतात. हा धूर लांब नळीतून नेऊन थंड केला, की त्यातील पाण्याच्या वाफेबरोबर ही सारी द्रव्ये थेंबाथेंबाने गळू लागतात.

ताजा गळलेला द्रव मात्र वापराच्या लायकीचा नसतो. तो काही महिने, जाणकारांच्या मते निदान तीन महिने, न हलविता ठेवावा लागतो, म्हणजे त्याचे तीन थर होतात: वर हलक्या तेलाचा तवंग, तळाशी दाट काळे डांबर आणि मध्ये पारदर्शक, पिवळसर ते लालसर तपकिरी असा जो द्रव उरतो तोच खरा सिरका. त्यात ८० ते ९० टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात ॲसेटिक आम्लाचा वाटा मोठा, आणि त्याच्या जोडीला मिथेनॉल, फिनॉल, फरफुरल अशी दोनशेहून अधिक संयुगे अल्पस्वल्प प्रमाणात असतात. सामू तीनच्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी. या संयुगांचे परस्पर प्रमाण लाकडाची जात, त्याचा ओलावा, भट्टीचे तापमान आणि मुरविण्याची मुदत यांवर अवलंबून असल्यामुळे एका भट्टीचा सिरका दुसऱ्या भट्टीच्या सिरक्यासारखा असेलच असे नाही. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण या द्रवाविषयीच्या परस्परविरोधी अनुभवांचे निम्मे मूळ तेथेच आहे.

युरोपात सतराव्या शतकात योहान ग्लाउबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या या आंबट द्रवाचे वर्णन केले; १६६१ साली रॉबर्ट बॉइल याने त्यातून एक ज्वालाग्राही द्रव वेगळा काढला, तो म्हणजेच पुढे मिथेनॉल या नावाने प्रसिद्ध झालेला लाकडी मद्यार्क. एकोणिसाव्या शतकात तर या धुरावर एक संपूर्ण उद्योग उभा राहिला. सिरक्यात चुना मिसळून कॅल्शियम ॲसिटेट करावयाचे, आणि ते तापवून ॲसिटोन मिळवावयाचे, हा त्या उद्योगाचा एक मुख्य व्यवसाय. आणि कॉर्डाइट या स्फोटक द्रव्यासाठी ॲसिटोनची नितांत आवश्यकता असल्यामुळे पहिल्या महायुद्धात या धुराला अकस्मात लष्करी महत्त्व प्राप्त झाले. आपल्याकडेही त्याचे एक भव्य उदाहरण होऊन गेले आहे. म्हैसूर संस्थानाने भद्रावती येथे उभारलेला आणि १९२३ साली लोखंड गाळू लागलेला कारखाना, ज्याच्या उभारणीशी आणि पुढील कारभाराशी सर विश्वेश्वरय्यांचे नाव निगडित आहे, तो प्रारंभी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर चालत असे, आणि त्या कोळशासाठी लाकूड तापविताना निघणाऱ्या धुरातून ॲसिटेट, मद्यार्क व डांबर वेगळे काढण्याची सिद्धता तेथे केलेली होती. पुढे ही सारी रसायने खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून स्वस्तात होऊ लागली आणि लाकडाच्या ऊर्ध्वपातनाचा उद्योग जगभर मावळला.

जपानात त्याची गती निराळी झाली. तेथील डोंगराळ खेड्यांत कोळसा पाडणे हा शेतकऱ्यांचा हिवाळी जोडधंदा होता; १९५० नंतरच्या दशकांत घरोघरी केरोसीन व गॅस पोहोचल्यावर कोळशाची मागणी ओसरली, तरी धुराड्यातून गोळा केलेला 'मोकुसाकु-एकि' शेतकऱ्यांनी टाकला नाही. जमिनीत, फवाऱ्यात, गोठ्यातील दुर्गंधी घालविण्यासाठी, अशा नाना प्रकारे तो वापरला जाऊ लागला, आणि तेथून थायलंड, कोरिया, ब्राझील इत्यादी देशांत त्याचा प्रसार झाला. जपानी उत्पादकांनी अनुभवांती जे नियम बसविले ते आजही प्रमाण मानण्यासारखे आहेत: धुराड्याच्या तोंडाशी धुराचे तापमान ८० ते १५० अंश असेल तेवढाच काळ द्रव गोळा करावा; त्याच्या आधीचा धूर बहुतांशी पाण्याचा आणि त्याच्या नंतरचा डांबराचा. अतिशय तापलेल्या भट्टीच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे उतरण्याचा संभव असतो, म्हणून ही वरची मर्यादा विशेष महत्त्वाची. इतके असूनही जपानी सरकारने कीडनाशक म्हणून त्याला मान्यता देताना हात आखडताच घेतला. कृषिरसायनांचा कायदा कडक करून २००३ मध्ये जेव्हा निर्धोक घरगुती द्रव्यांची यादी जाहीर झाली, तेव्हा तीत खाण्याचे व्हिनेगर आले, खाण्याचा सोडा आला, स्थानिक मित्रकीटक आले; लाकडाचा सिरका आला नाही. ज्या देशाने या द्रवाला शेतीत प्रतिष्ठा दिली त्याच देशाची ही सावधगिरी आपल्याकडच्या विक्रेत्यांच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धुराचा आणि वनस्पतीच्या वाढीचा काही संबंध आहे काय? आहे, आणि तो विज्ञानाने अलीकडेच उलगडला. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडील 'फिनबॉस' नावाच्या झुडपी वनांत वणवा गेल्यावर काही जातींचे बी एकाएकी उगवून येते, याचे कारण वणव्याची उष्णता असावी असे मानले जाई; १९९० साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले की उष्णतेवाचून नुसता धूर दिल्यानेही ते बी उगवते. त्या धुरातील नेमके कारक द्रव्य २००४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील आणि दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी वेगळे काढले. कॅरिकिन या नावाने ओळखला जाणारा हा संयुगवर्ग अत्यल्प, जवळजवळ नगण्य मात्रेतही काही बियांना जागे करतो. लाकडाच्या सिरक्याने उगवण वाढते, या दाव्याचा शास्त्रीय आधार बहुधा येथे आहे.

परंतु जे फिनबॉसच्या झुडपाला लागू ते सोयाबीनला लागू, असे गृहीत धरण्यास आधार कोणता? वणव्यानंतर उगवण्याची सवय लागलेल्या रानटी बियाची गोष्ट निराळी, आणि हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढलेल्या, सुप्तावस्था जवळजवळ विसरलेल्या पिकाची निराळी. सुदैवाने याविषयी एक स्पष्ट पुरावा उपलब्ध आहे. २०१६ साली चीनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सावलीच्या स्थितीत कॅरिकिन दिल्याने सोयाबीनची उगवण वाढण्याऐवजी लांबते, कारण बियातील उगवण रोखणाऱ्या आणि उगवण घडविणाऱ्या संप्रेरकांचा समतोल त्यामुळे बिघडतो. प्रयोगशाळेतील शुद्ध संयुग आणि शेतातील मिश्र द्रव यांत अंतर आहे हे मान्य. तरी 'धूर म्हणजे उगवण' हे समीकरण या पिकापुरते खोडून काढावयास एवढे पुरेसे आहे. त्यातच सोयाबीनच्या बियाचे कवच इतके पातळ आणि नाजूक, की हाताळणीत आदळआपट झाली तरी उगवणशक्ती घटते आणि पाण्यात भिजविले तर आतल्या दलांना तडे जातात. म्हणून सिरक्याच्या पाण्यात बियाणे भिजत घालण्याची जी शिफारस काही पत्रकांत दिसते, ती सोयाबीनसाठी सपशेल नाकारावी असे माझे मत आहे. ज्याला उगवणीची चिंता असेल त्याने गोणपाटावर शंभर दाणे ठेवून घरच्या घरी उगवण तपासावी, सत्तरांहून कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे किंवा बदलावे, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज तिफण धरू नये. या तीन जुन्या गोष्टींची बरोबरी करणारी बाटली अद्याप कोणी भरलेली नाही.

पानांवरील फवारणीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तेथे थोडे अंकगणित करणे उपयुक्त ठरेल. सर्वसाधारण शिफारस अशी, की एक भाग सिरका पाचशे भाग पाण्यात मिसळावा. एकरी २०० लिटर पाणी फवारले तर सिरका लागला ४०० मिलिलिटर, आणि त्यात पाच टक्के ॲसेटिक आम्ल धरले तर एकरभर शेतावर पडले अवघे २० ग्रॅम आम्ल. आता पिकाची गरज पाहा. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असते. प्रथिनाच्या वजनाला सव्वासहाने भागले की नत्र मिळते. म्हणजे एकरी दहा क्विंटल दाणा काढणाऱ्या शेतकऱ्याच्या पोत्यांतून सुमारे ६४ किलो नत्र शेताबाहेर जाते. एका बाजूस ६४ किलो, दुसऱ्या बाजूस काही ग्रॅम! सिरक्यात नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ नसतेच, आणि असते तरी या प्रमाणात त्याने काय साधणार होते? तेव्हा या द्रवाला खत समजणे हा निव्वळ भ्रम होय. त्याचा काही परिणाम होत असेल तर तो पोषणाचा नसून उत्तेजनाचा असणार: पानावर पडलेली सौम्य आम्ले आणि फिनॉलयुक्त द्रव्ये वनस्पतीच्या अंगची संरक्षणव्यवस्था व वाढीची संप्रेरके किंचित हलवीत असावीत, आणि ती जेव्हा योग्य मात्रेत व योग्य वेळी हलतात तेव्हा मुळे अधिक फुटणे, पाने अधिक हिरवी होणे असे दृश्य परिणाम दिसत असावेत. फिलिपिन्समध्ये आणि ब्राझीलमध्ये सोयाबीनवर असे प्रयोग झालेही आहेत. तथापि परदेशातील भिन्न जमिनींवर, तेथील लाकडापासून केलेल्या सिरक्याने मिळालेला निष्कर्ष आपल्या काळ्या रेगूर जमिनीला सरसकट लावता येत नाही.

कारण आपल्या जमिनीचा स्वभावच निराळा. दख्खनच्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, आणि अनेक ठिकाणी तिच्यात चुनखडीचे खडे विखुरलेले असतात. अशा जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, तेव्हा पुष्कळदा दोष लोहाच्या अनुपलब्धतेचा असतो. लोह जमिनीत असते, पण चुन्याच्या सान्निध्यात ते मुळांच्या हाती लागत नाही. येथे विक्रेता मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, की सिरका आम्लधर्मी असल्यामुळे जमिनीचा सामू खाली येईल. वरील २० ग्रॅम आम्लाचा हिशेब ज्याने वाचला त्याला यातील फोलपणा सांगावयास नको. टनावारी चुनखडी पोटात बाळगणारी जमीन एवढ्या आम्लाची दखलही घेत नाही. आणि सामू खाली आणण्याच्या मोहाने कोणी दाट सिरका जमिनीत ओतला, तर सामू खाली येण्याआधी मुळांभोवतीचे जिवाणू मरतील. जपानी व थाई पद्धतीत दाट सिरका, म्हणजे वीस-तीस पटच पाणी घातलेला, पेरणीपूर्वी जमीन निर्जंतुक करण्यासाठीच वापरतात हे लक्षात घेतले, तर धोका कोठे आहे ते कळून येते.

सोयाबीनच्या बाबतीत हा धोका इतर पिकांहून अधिक, कारण हे पीक आपल्या नत्राचा मोठा भाग मुळांवरच्या गाठींतून मिळविते, आणि त्या गाठी ब्रॅडिरायझोबियम जातीच्या जिवाणूंचे घर असतात. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक चोळण्याची शिफारस आपली कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे करीत आली आहेत, आणि सेंद्रिय पद्धतीने सोयाबीन घेऊ इच्छिणाऱ्याला तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. त्याच बियाण्यावर जंतुघ्न फिनॉल असलेला द्रव चोळणे म्हणजे एका हाताने लावून दुसऱ्या हाताने उपटणे होय. म्हणून बीजप्रक्रियेत सिरक्याला थारा देऊ नये. आणि पहिली फवारणी करावयाचीच असेल तर ती रोप उगवून तीन आठवडे लोटल्यावर, मुळांवर गाठी धरू लागल्याची खात्री एक-दोन रोपे उपटून पाहिल्यावर करावी. गाठ फोडली असता आत गुलाबी रंग दिसला की ती कामास लागली असे समजावे. ही पाहणी फुकट आहे आणि दहा माहितीपत्रकांहून अधिक बोलकी आहे.

किडींच्या बाबतीत मी अधिक परखड बोलणार आहे. खोडमाशीची अळी आणि चक्रीभुंग्याची अळी खोडाच्या आत राहून पोखरतात. पानावर पडलेला धुराचा वास त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पिवळ्या मोझॅकचा प्रसार पांढरी माशी करते, आणि तिला नुसत्या वासाने दूर ठेवता येते असे समजून कोणी रोगग्रस्त झाडे उपटावयाचे टाळले तर तो स्वतःचे नुकसान करून घेईल. उंट अळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी उघड्यावर असतात, तेथे वासाचा काही प्रतिबंधक परिणाम संभवतो. पण संभवतो एवढेच, कारण दोन पावसांनंतर तो वास शिल्लक राहील याचा भरवसा कोणी द्यावा? बुरशीविषयी प्रयोगशाळेच्या बशीत सिरक्याने चांगले गुण दाखविले आहेत, त्यातील फिनॉल व आम्ले बुरशीची वाढ रोखतात यात शंका नाही. परंतु बशीतील सिरका आणि पाचशे पट पाणी घातलेला सिरका यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. मात्र एका ठिकाणी त्याचा उपयोग सयुक्तिक वाटतो. मराठवाड्यातील बोअरचे पाणी पुष्कळदा जड व अल्कधर्मी असते, आणि काही कीडनाशके अशा पाण्यात लवकर निष्प्रभ होतात. तेथे पाण्याचा सामू किंचित उतरविण्यासाठी सौम्य आम्ल मिसळणे रसायनशास्त्राला धरून आहे. जपानी शेतकरी कीडनाशकाच्या फवाऱ्यात सिरका मिसळतात त्याचे एक कारण हे असावे. अर्थात बोर्डो मिश्रण किंवा चुना-गंधक यांसारख्या अल्कधर्मी औषधांत तो कदापि मिसळू नये, आणि ज्याला सेंद्रिय प्रमाणपत्र हवे आहे त्याला रासायनिक कीडनाशकाच्या जोडीचा हा फायदा मुळीच घेता येणार नाही.

तरीही ज्याला करून पाहावयाचे आहे त्याच्यासाठी थोडा तपशील देतो. पंधरा लिटरच्या पंपास ३० मिलिलिटर, म्हणजे पाचशेस एक, याहून दाट मात्रेने प्रारंभ करू नये. दोनशेस एक या मात्रेला कोवळी पाने काही वेळा करपतात. फवारणी सकाळी किंवा उतरत्या उन्हात करावी. पहिली तीन आठवड्यांनंतर, दुसरी फुलोऱ्याच्या थोडे आधी. फुलोऱ्यात मधमाश्यांचा वावर असतो, तेव्हा धुराचा वास टाळलेला बरा. लोखंडी भांड्यात सिरका ठेवू नये, तो लोखंड खातो आणि स्वतः काळा पडतो. काच, चिनी माती वा जाड प्लास्टिक चालते. आणि तळाचे डांबर कोणत्याही कारणास्तव शेतात जाऊ देऊ नये.

स्वतः सिरका पाडणाऱ्यासाठी आपल्याकडे कच्च्या मालाची वाण नाही. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या दर उन्हाळ्यात बांधावर जाळल्या जातात. वेडी बाभूळ ओढ्या-नाल्यांच्या काठाने माजली आहे. दोनशे लिटरच्या पिंपाची आडवी भट्टी, तिला मातीचे अस्तर, मागे बांबूची किंवा स्टेनलेस स्टीलची तिरपी लांब नळी आणि नळीच्या तोंडाखाली भांडे, एवढ्या सामग्रीवर थाई शेतकरी काम भागवतात. कोळसा हे मुख्य उत्पन्न, सिरका हे अनुषंगिक. मात्र कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या झालेल्या पऱ्हाट्या, तसेच रंग लावलेले किंवा औषध पाजलेले इमारती लाकूड भट्टीत घातले तर त्यातील विष सिरक्यात उतरू शकते. म्हणून स्वच्छ लाकूडच वापरावे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हा भट्टी घरापासून दूर, उघड्यावर असावी. आणि द्रवात मिथेनॉल असतो, तेव्हा तो पोटात जाता कामा नये. सजीव झाड तोडून सिरका करण्याची कल्पना मात्र मुळातच चुकीची. आपल्या राज्यात वृक्षतोडीवर १९६४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे, आणि कोकणातील कोळसाभट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांची हलाखी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कोळशाच्या धंद्यात स्वस्त मालाची किंमत कोण मोजतो हे सांगावयास नको.

कायद्याचा मुद्दा आणखी एका अंगाने महत्त्वाचा आहे. एखादा द्रव 'पीक वाढवितो' असे म्हणून विकावयाचा असेल तर तो जैवउत्तेजक ठरतो, आणि फेब्रुवारी २०२१ पासून जैवउत्तेजकांना १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणलेले आहे. 'कीड मारतो' असे म्हणावयाचे असेल तर १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होतो. बाटलीवर दोन्ही दावे करून कोणत्याही नोंदणीचा क्रमांक न छापणारा विक्रेता दोन्ही कायद्यांना बगल देत आहे, एवढे ग्राहकाने ओळखावे. सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेल्या शेतकऱ्याने तर बाटली विकत घेण्यापूर्वीच आपल्या प्रमाणीकरण संस्थेकडे लेखी विचारणा करावी; परवानगीवाचून वापरलेल्या एका द्रवाने सेंद्रिय रूपांतरणाचा सारा काळ वाया जाऊ शकतो.

राहिला पैशाचा हिशेब. ज्या सोयाबीनचा प्रचार बडोदा संस्थानाने १९३० नंतरच्या दशकात हाती घेतला, ज्यावर गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत आहाराचे प्रयोग केले, ते त्या काळी इकडच्या शेतकऱ्याने फारसे मनावर घेतले नव्हते; पुढे जबलपूर आणि पंतनगर येथील संशोधनाने आणि मुख्यतः तेलगिरण्यांच्या मागणीने ते रुजले, आणि रोख पीक म्हणून रुजलेल्या वस्तूचा न्याय अखेर रोखीनेच करावा लागतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजार पुष्कळदा हमीभावाच्या खालीच राहतो. एकरी आठ क्विंटल पिकविणाऱ्याचे उत्पन्न सिरक्याने पाच टक्क्यांनी वाढले असे क्षणभर धरू. ती वाढ ४० किलोची, म्हणजे त्या हमीभावाने सुमारे २,१३० रुपयांची. त्यातून बाटलीची किंमत आणि दोन फवारण्यांची मजुरी वजा जाता काय उरेल ते ज्याचे त्याने काढावे. शिवाय पाच टक्क्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पानांची काळोखी दिसते आणि तिने मन भुलते, पण काळोखी म्हणजे दाणा नव्हे. गर्द हिरव्या, उंच गेलेल्या सोयाबीनला शेंगा कमी लागल्याचे कोणत्या शेतकऱ्याने पाहिलेले नाही?

म्हणून घरच्या पिंपात, घरच्या तुराट्यांवर, कोळशाबरोबर फुकट पडलेला सिरका असेल तर तो जरूर वापरून पाहावा. बाटलीवर मात्र पैसे घालण्यापूर्वी शेताच्या तीन निरनिराळ्या ठिकाणी चार-चार तासे फवारल्यावाचून सोडावीत, त्यांना खूण करून ठेवावी, कापणीच्या वेळी ती आणि त्यांच्या शेजारची फवारलेली चार तासे वेगळी मळावीत आणि दोन्हींचा दाणा काट्यावर तोलून वहीत लिहून ठेवावा.